तांबडी फुली

आमच्या घरात स्लाईड म्हणजे काच असायची. तळहाताएवढी, कडेने काळी कागदी पट्टी चिकटवलेली. माझे यजमान लग्नाआधी सांगलीत सिनेमाच्या स्लाईडी रंगवायचे. मध्यंतरात पडद्यावर कापडदुकानाची नाहीतर चहापत्तीची जाहिरात यायची ना, ती. काचेवर काळा रंग द्यायचा, तो वाळला की टोकदार सुईने अक्षरं कोरायची आणि कोरलेल्या जागेत पातळ रंग भरायचा. ह्यांचं म्हणणं असं की मध्यंतरात माणूस बिडी ओढायला उठलेला असतो. दारापर्यंत जाताना त्याने एकदा मान वळवली, तर तेवढ्यात त्याला सगळं कळलं पाहिजे. म्हणून एका काचेवर एकच गोष्ट. दुकानदारांना मात्र त्याच काचेवर साड्या, धोतरं, टॉवेल आणि वर स्वतःच्या वडिलांचा फोटोही हवा असायचा, आणि मग वादावादी व्हायची. हल्ली सभांमध्ये पडद्यावर अक्षरांची खिचडी ओततात आणि बोलणारा तीच खिचडी वाचून दाखवतो. मी सरळ डोळे मिटून घेते. शेजारची बाई कोपर मारते, तरी मी उघडत नाही.

निवडणुका आल्या की हे भिंतीही रंगवायचे. लग्नानंतर आरोग्य खात्यात चित्रकाराची जागा मिळाली आणि ती सगळी कामं सुटली. मी त्याच खात्यात नर्स. आमच्याकडे एक जीप, एक ड्रायव्हर, एक प्रोजेक्टर, आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडचा सगळा कोरडा मुलूख गळ्यात. मी गावात बोलायचं आणि ह्यांनी माझ्या बोलण्याला चित्रं पुरवायची. नवराबायको एकाच जीपमधून हिंडतात म्हणून ऑफिसात चेष्टा व्हायची. ती आम्ही कधी मनावर घेतली नाही, कारण त्या वर्षांत आम्ही जीपमध्ये एकमेकांशी बोलतच नव्हतो.

आमची मुलगी गेली होती. दीड वर्षाची होती. मी साताऱ्याला ट्रेनिंगला गेले होते आणि ती माझ्या माहेरी, कराडजवळ. उन्हाळ्यात तिला हगवण लागली. डॉक्टर म्हणाले, पोटाला विश्रांती द्या, वरचं काही देऊ नका, पाणीसुद्धा नको. आईने पाणी बंद केलं. त्या वेळी सगळे हेच करत. मी तिथे असते तरी हेच केलं असतं, कारण मलाही तेच शिकवलेलं होतं. म्हणून मी आईला कधी दोष दिला नाही, आणि तिने स्वतःला मरेपर्यंत दिला. पाण्याला मुलगी मम्म म्हणायची. आई सांगायची की शेवटी शेवटी ती माठाकडे बोट करायची, आणि मग बोटही उचलेना. मी पोचले तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती. त्यानंतर कित्येक वर्षं कुणी पाणी मागितलं की मी तोंड फिरवून तांब्या पुढे करायचे. वर खेकसून बोलायचे, म्हणजे कुणी पुढे काही विचारत नसे. तेव्हापासून मला तापट म्हणतात.

पुढे काही वर्षांनी, सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा, सांगलीत आमची एक बैठक झाली. साहेबांनी वरून आलेली नवी सूचना वाचून दाखवली. हगवण लागलेल्या मुलाचं पाणी तोडायचं नाही. उलट उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि साखर घालून ते थोडं थोडं पाजत राहायचं. पोर दगावतं ते अंगातलं पाणी संपतं म्हणून. बाकीच्या नर्सा लिहून घेत होत्या. मी उठले आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने हे आले आणि एक पायरी सोडून बसले. मी म्हटलं, मीठ आणि साखर. आईच्या घरात दोन्ही होतं. 

"हे आपण पोचवायचं," मग ते म्हणाले. "एकही घर सोडायचं नाही."

मुलगी गेल्यापासून तिच्याबद्दल आम्ही बोललो ते एवढंच, आणि त्यातही तिचं नाव आलं नाही.

वरून तयार चित्रंही आली होती. त्यातली आई गोल पातळ नेसून ओट्यापाशी उभी, हातात काचेचा पेला, मागे गॅसची शेगडी. आटपाडीच्या कोरड्या मुलखात ही बाई कुणाची कोण? ह्यांनी ती चित्रं गुंडाळून कपाटावर टाकली. आटपाडीच्या बाजारात जाऊन लिंबाखाली बसले आणि बायका पोराला मांडीवर कसं घेतात, पदर कुठे खोचतात, पाणी पाजताना मान कशी धरतात ते काढत राहिले. आमच्या चित्रातली आई नऊवारी लुगडं नेसली. पेला गेला आणि जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वाटी आली. चमच्याचं माप सांगावं तर घरोघरी चमचा वेगळा, आणि कित्येक घरांत नाहीच. म्हणून चिमूटभर मीठ, मूठभर साखर, तांब्याभर पाणी, आणि साखर नसली तर गूळ. साहेबांना 'हगवण' हा शब्द सरकारी कामात शोभेना, त्यांना 'अतिसार' हवा होता. मी म्हटलं, साहेब, अतिसार झालेलं पोर मी अजून बघितलेलं नाही, हगवण लागलेली रोज बघते. साहेब हसले आणि हगवण राहिली.

काचा घरीच तयार व्हायच्या. प्रोजेक्टरमध्ये काच डोकं खाली करून घालावी लागते. अंधारात त्यात घोटाळा झाला की आई पाय वर करून पडद्यावर येते, गाव खो खो हसतं आणि सभा हातची जाते. म्हणून काचेच्या एका कोपऱ्यावर तांबडा ठिपका देतात. अंगठा त्या ठिपक्यावर आला की काच बरोबर. एकदा ह्यांचा तांबडा रंग संपला तेव्हा त्यांनी माझी कुंकवाची डबी मागितली आणि कोपऱ्यावर मेण लावून कुंकू टेकवलं. ते रंगापेक्षा बरं दिसलं. पुढे काच पुरी झाली की हे म्हणायचे, हिला कुंकू लाव, आणि ते काम माझं झालं.

गावात शाळेच्या खोलीच्या खिडक्यांवर घोंगडी टाकून भरदुपारी अंधार करायचा. पडदा म्हणजे कुणाचं तरी धुतलेलं धोतर. मी बोलायला उभी राहायचे. ह्यांनी मला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. काच बदलली की तू आधी गप्प बसायचं. त्यांना बघू दे. चित्र बघून झालं की माणूस आपसूक तुझ्या तोंडाकडे बघतो, तेव्हा बोल, आणि एकच वाक्य बोल. मला गप्प बसवणं सोपं नव्हतं, पण ते म्हणत होते ते खरं होतं. एका काचेवर रडणारं पोर आणि त्याच्यापासून तांब्या दूर सारणारी आई होती, आणि तिच्यावर तांबडी फुली. मी म्हणायचे, असं करायचं न्हाई. पुढच्या काचेवर तीच आई वाटीने पाजतेय आणि शेजारी बरोबरची खूण. मी म्हणायचे, असं करायचं. बायका माना डोलवायच्या. काही जणी डोळे पुसायच्या, आणि कुणाच्या घरात काय होऊन गेलं असेल ते मला विचारावं लागत नसे.

पण जीप एक आणि गावं इतकी. साहेब म्हणाले, याचा एक कागद काढा, जिथे तुम्ही पोचणार नाही तिथे कागद पोचेल. त्याच दोन चित्रांचा कागद सायक्लोस्टाईल मशीनवर निघाला. डावीकडे तांब्या दूर सारणारी, उजवीकडे पाजणारी. अक्षरं जवळजवळ नव्हतीच, कारण वाचणार कोण. मशीनवर फक्त काळी शाई चालायची, म्हणून तांबडी फुली आणि तांबडी बरोबरची खूण घरी बसून ब्रशने काढायची. संध्याकाळी चटईवर कागदांचे ढीग घालून आम्ही बसायचो. हे फुल्या मारायचे, मी बरोबर करायचे. माझी खूण मास्तरीणबाईंसारखी ऐटीत येते म्हणून हे हसायचे. मी म्हणायचे, तुमची फुली तरी कुठे साधी आहे, भिंतीवर काढल्यासारखी काढता. आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं ते त्या ढिगांपाशी. हे एकदा म्हणाले, एका कागदामागे एक पोर वाचलं असं धर. मी धरलं. त्या संध्याकाळी मला सुखाच्या वाटायच्या, आणि खरं सांगायचं तर तसं सुख पुन्हा आलं नाही. कागद बाजारात वाटले गेले, शाळेतल्या पोरांच्या हातून घरी गेले, ग्रामसेवकांच्या पिशव्यांतून वाड्यावस्त्यांवर गेले.

ऐन उन्हाळ्यात आम्ही आटपाडीच्या पलीकडे एका वाडीवर गेलो. कागद आमच्या आधीच तिथे पोचला होता. सभा झाली, बायका उठून गेल्या, हे काचा पुसून पेटीत ठेवत होते. एक बाई मागे राहिली होती. वयाने लहानच, नवरा पलटणीत. तिने कमरेला खोचलेला कागद काढला आणि हा तुमचाच ना, असं विचारलं. मी खुशीत होय म्हटलं आणि तिला सगळं पुन्हा समजावायला लागले. तिने मला पुरतं बोलू दिलं. मग डावीकडच्या चित्रावर बोट ठेवलं.

"फुली तर हिच्यावर हाय," ती म्हणाली. "म्हून आमी हिच्यावानी केलं."

मला कळेना. मी म्हटलं, अगं, फुली म्हणजे चूक. फुली म्हणजे असं करायचं नाही.

"मताला गेलो तवा सांगितलं, जे पायजे त्येच्यावर फुली. भितीवर बी तसंच काढलंय." मग तिने उजवीकडच्या खुणेवर बोट नेलं. "ह्यो इळा कशाचा, त्ये काय कळलं न्हाई."

इळा म्हणजे विळा. माझी ऐटीतली बरोबरची खूण तिला विळा वाटली होती. ती शाळेत गेली नव्हती. तिच्या वहीवर कुणी कधी तांबड्या शाईने बरोबर नाहीतर चूक केलेलं नव्हतं. फुली तिला ठाऊक होती ती निवडणुकीतली. त्या एक-दोन वर्षांत निवडणुकांमागून निवडणुका झाल्या होत्या आणि गावोगावच्या भिंतींवर चिन्ह आणि त्याच्यापुढे फुली रंगवलेली होती. जे निवडायचं त्याच्यावर फुली, हे बायाबापड्यांना दारोदार फिरून पढवलेलं होतं.

तिचं धाकटं पोर हगवणीने गेलं होतं. पाणी तोडा असं घरातली जाणती माणसं म्हणतच होती. तिचा जीव मात्र वरखाली होत होता, कारण पोर फार मागत होतं, आणि द्यावं की काय असं तिच्या मनात येत होतं. तेवढ्यात शेजारच्या पोराने शाळेतून हा कागद आणला. सरकारनेच त्या आईवर फुली मारली आहे हे तिने बघितलं आणि मन घट्ट केलं. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. ती भांडायला आलीच नव्हती. आपलं कुठे चुकलं, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं. तुझं काही चुकलं नाही, असं मी पुन्हापुन्हा म्हणत राहिले. मागे वळून बघितलं तर हे काच हातात धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

परतताना वाडीबाहेरच्या एका भिंतीपाशी ह्यांनी जीप थांबवायला सांगितली. पुसट झालेलं चिन्ह आणि पुढे फुली. ती ह्यांच्या हातची नव्हती, दुसऱ्या कुणा पेंटरची होती. पण तशा कितीतरी ह्यांनीही काढल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या नाही तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं ते म्हणाले आणि पुन्हा जीपमध्ये येऊन बसले. मी भडकले. साहेबांच्या लक्षात आलं नाही, खात्यातल्या एकाही शिकलेल्याच्या लक्षात आलं नाही, मग सगळं तुम्ही एकट्याने डोक्यावर का घ्यायचं? ते माझं ऐकत नव्हते. सांगली येईपर्यंत त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

साहेब आधी म्हणाले, एका बाईचा गैरसमज झाला म्हणून काय. तेव्हा हे पुढच्या बाजाराला आटपाडीत जाऊन उभे राहिले. स्वतः काही न बोलता कागद पुढे धरायचा आणि एवढंच विचारायचं की यात काय करा म्हटलंय. जे शाळेत गेले होते त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं. जे गेले नव्हते त्यांतल्या कित्येकांनी फुलीवर बोट ठेवलं, आणि मोठ्या विश्वासाने ठेवलं. त्यानंतरच्या बाजाराला साहेब स्वतः आले, थोडा वेळ बघत राहिले आणि कागद मागे घ्या म्हणाले. आम्ही जमतील तेवढे मागे घेतले. बाकीचे कुठल्या घरात गेले आणि तिथे काय झालं, ते कुणालाच कधी कळणार नव्हतं. ह्यांना ते न कळणंच खात राहिलं. रात्रीचं जेवण ताटात तसंच राहायचं. मी बोलून बोलून थकले आणि मग मीही गप्प झाले. घर पुन्हा पूर्वीसारखं झालं.

बरेच दिवस ह्यांनी ब्रश हातात धरला नाही. मग एका रविवारी सकाळी बसले आणि एकच चित्र काढलं. नको ते दाखवायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. माणूस चित्रात आधी आपल्या मनातलं शोधतो, ते म्हणाले, आणि चुकीचं चित्र समोर ठेवलं की त्याला ते सापडतं. म्हणून एकच आई, मांडीवर पोर, पोराच्या ओठाला वाटी, शेजारी तांब्या, मीठ आणि गूळ. फुली नाही आणि कसलीच खूण नाही. मी जवळ जाऊन बघितलं. पोराचं तोंड आमच्या मुलीचं होतं. आमच्याकडे तिचा फोटो नव्हता. इतक्या वर्षांनी मला तिचं तोंड दिसलं, कपाळावर उभ्या राहणाऱ्या बटेसकट, आणि ती पाणी पीत होती.

छापायच्या आधी चित्र त्या वाडीवरच्या बाईला दाखवायचं, असं ह्यांनी सांगितलं. मी उसळले. तिच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? ती त्यातून सावरत असेल तर पुन्हा तेच तिच्यापुढे का न्यायचं? दाखवायला बाजारात हजार माणसं आहेत.

"माझं चित्र तिच्याइतकं नीट कुणी बघितलेलं नाही," हे म्हणाले.

आम्ही गेलो. ती दारात जोंधळे पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप बाजूला ठेवलं आणि बसायला घोंगडं टाकलं. ह्यांनी कागद तिच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी तोंड उघडू नये. मी उघडलं नाही. तिने कागद गुडघ्यावर ठेवला आणि खूप वेळ बघितला.

"वाटीनं पाजतीया," ती म्हणाली. "मीठ हाय. गूळ हाय." मग कागद उलटून मागची बाजू बघितली. "फुली न्हाई कुठं?"

ह्यांनी सांगितलं की आता कशावरच नाही. तिने मान हलवली. मला वाटलं, झालं काम, उठावं. पण ती पोराच्या तोंडाकडे बघत होती.

"ही खरी पोरगी हाय कुनाची तरी."

मी म्हटलं, आमची.

"आता केवढी झाली?"

हे अंगणाकडे बघायला लागले. उत्तर मलाच द्यावं लागलं.

"तेवढीच ऱ्हायली," मी म्हटलं. "हगवण लागली हुती. आमच्या घरात बी पानी तोडलं. तवा आमाला कुनी सांगितलं न्हवतं."

 मग तिने कागदावर बोट टेकवलं, पोरीच्या तोंडावर नाही, वाटीवर.

"हितं तरी प्याली," ती म्हणाली.

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ती माझ्याजवळ सरकली नाही, पण उठूनही गेली नाही. आम्ही निघालो तेव्हा कागद तिच्या हातातच होता आणि ह्यांनी तो परत मागितला नाही. सांगलीला येऊन ते तेच चित्र पुन्हा काढायला बसले. आई जमली, वाटी जमली, तांब्या जमला. तोंड काही केल्या येईना. कितीतरी कागद फाडले. साहेबांची घाई चालली होती, म्हणून शेवटी समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीला पुढ्यात बसवून त्यांनी चित्र पुरं केलं, आणि जिल्हाभर जे कागद गेले त्यांवर तीच मुलगी पाणी पिते. आमची प्यायली ती त्या एकाच कागदावर.